डाव्या हाताचा विळा

डावऱ्या बाईने बाजारातला विळा हातात घेतला म्हणजे काय होते, हे उजव्या हाताच्या माणसाला सांगून लवकर पटत नाही. विळा म्हणजे वाकडे पाते आणि त्याला मूठ, त्यात डावे-उजवे कसले, असे त्याला वाटते. पण विळा एकदा नीट न्याहाळावा. पात्याचे एक अंग सपाट असते आणि दुसऱ्या अंगाने धार उतरवलेली असते. मुठीजवळ लोखंडाला थोडा बाक दिलेला असतो. तो अशासाठी, की पाते जमिनीलगत चालावे आणि बोटे मात्र जमिनीपासून वर राहावीत. हाच विळा डाव्या हातात धरला की सगळे उलटे होते. धार बुडख्यात सरळ न शिरता वर चढते, नाहीतर मातीत घुसते. आणि बोटांची पेरे ढेकळांवर घासून सोलून निघतात. गव्हाच्या काढणीचे आठ दिवस अशा विळ्याने काढले, की संध्याकाळी भाकरी थापायला हात पिठात घालवत नाही.

आमच्या गावात लोहार होता तोवर हा प्रश्न नव्हता. सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या या गावी लग्न होऊन आले, तेव्हा पहिल्याच सुगीला आत्याबाई मला लोहारसाळेत घेऊन गेल्या. "सून डावरी हाय, तिच्या हाताचा करून द्या," एवढेच त्या बोलल्या. म्हाताऱ्या लोहाराने माझ्या हातात एक काटकी दिली आणि खाली बसून गवत कापल्यासारखे करायला सांगितले. मी दोन-चार हात फिरवले. त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी विळा तयार. तो मी सतरा वर्षे वापरला. दरवर्षी धार काढून काढून त्याचे पाते बोटभर उरले होते.

2011 साली ती लोहारसाळ बंद झाली. म्हातारा वारला, मुलगा कारखान्यात नोकरीला लागला. लोक म्हणतात, मुलाने धंदा सोडला. मला तसे म्हणणे बरोबर वाटत नाही, कारण धंद्यानेच त्याला आधी सोडले होते. लोहाराचे वर्ष कशावर चालायचे ते आठवून पाहा. नांगराचा फाळ शेवटून द्यायचा, कुळवाच्या फासेला धार करायची, गाडीच्या चाकावर धाव चढवायची. धाव चढवणे हा तर सोहळाच असे. गोवऱ्यांच्या आगीत लोखंडी धाव तापवायची, लाल झाली की चौघांनी सांडशीने उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि लगोलग पाणी ओतायचे. पाच फुटी चाकाची धाव चांगली तापली की तिचा घेर इंचभर वाढतो आणि थंड होताना तेवढीच आवळून ती चाकाला घट्ट धरते. टायरची गाडी आली, हे काम गेले. ट्रॅक्टर आला, फाळ आणि फास गेली. मागे राहिली ती बायकांची खुरपी आणि विळे. त्यांच्या धारेवर एका घराची चूल पेटत नाही. म्हणजे आमची खुरपी इतकी वर्षे नांगराच्या जिवावर जगत होती, हे नांगर गेल्यावर कळले.

पुढे बारा वर्षे बाजारातल्या विळ्यांवर काढली. उजव्या हाताने कापायला शीक, असा सल्लाही पुष्कळांनी दिला. सल्ला देणाऱ्यांत एकही डावरा नव्हता.

2024 च्या जानेवारीत तालुक्याच्या गावी दहा दिवसांचा लोहारकामाचा वर्ग निघाला. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 पासून खेड्यातल्या मुलांना हाताने काम करत करत शिकवायची जी वाट पाडली, त्याच धर्तीचा हा लहानसा वर्ग होता. एक बंद पडलेली जुनी कर्मशाळा, दोन भट्ट्या, चार ऐरणी आणि आम्ही अकरा जण. त्यात आम्ही बायका तिघी. शिकवायला एक वयस्कर लोहार होते. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही मामाच म्हणते.

पहिल्या दिवशी मामांनी हातोडा कोणाच्या हाती दिलाच नाही. सकाळभर फक्त विस्तव दाखवला. खिडकीला गोणपाट लावून त्यांनी खोलीत अंधार केला. लोहारसाळ नेहमी काळोखी का असते, ते मला त्या दिवशी समजले. मी आजवर ती गरिबी समजत होते. उन्हात लोखंडाचा रंग दिसत नाही, आणि लोहाराचे सगळे शहाणपण त्या रंगात असते. अंधारात लोखंड सहाशे अंशांच्या आसपास काळपट तांबडे दिसू लागते. साडेसातशे-आठशेला पिकल्या चेरीसारखे म्हणतात तसे लाल. आम्ही चेरी कुठे पाहिली, मामा त्याला पिकल्या तोंडल्याचा रंग म्हणत. त्याच्या वर केशरी, मग पिवळे. पिवळ्याच्याही पुढे पांढरे होऊन ठिणग्या उडायला लागल्या, की लोखंड जळायला लागले समजायचे. दुसऱ्या दिवशी एका उत्साही पोराने भाता जास्त मारला आणि त्याच्या सळईचे टोक फुलबाजीसारखे उडाले. मामांनी ते टोक थंड झाल्यावर सगळ्यांपुढे ऐरणीवर ठेवून टिचकी मारल्यासारखा हातोडा मारला. गुळाच्या खड्यासारखा चुरा झाला. "आता ह्याला कुणीबी नीट करू शकत न्हाई," ते म्हणाले. "करपलेली भाकरी आन् जळल्यालं लोखंड."

भाता म्हटले तरी कातडी भाता आता कुठे राहिला नाही. आमच्या भट्टीला हाताने फिरवायचा पंखा होता. मामांच्या मते विजेच्या पंख्यापेक्षा नवशिक्याला हाच बरा, कारण हात थांबला की वारा थांबतो. कोळसा बाभळीचा. दगडी कोळशाची आच जास्त टिकते, पण धूर आणि गंधक फार. बाभळीचा कोळसा स्वच्छ जळतो आणि लोखंड खराब करत नाही.

घावाचे नियम त्यांनी फार थोडे सांगितले. लोखंड लाल आहे तोवरच मारायचे. काळे पडले की हात थांबवायचा. काळ्या लोखंडावर मारलेला घाव लोखंडाला बसत नाही, मनगटाला बसतो, आणि पाते आतून चिरण्याचीही भीती असते. "गडबड न्हाई करायची, पर उशीरबी न्हाई," असे ते म्हणत. वर्तमानपत्रांत रोज कुठला ना कुठला प्रश्न ऐरणीवर आलेला असतो. वर्गात बसल्यापासून मला त्या मथळ्यांचे हसू येते. ऐरणीवर आलेली वस्तू श्वास दहा-पंधरा व्हायच्या आत उरकावी लागते. ते प्रश्न वर्षानुवर्षे तिथेच गार पडलेले असतात.

आणखी एक गोष्ट त्यांनी रोज बजावली. लाल लोखंडाने कोणी भाजत नाही, कारण ते दिसते. भाजते ते काळे लोखंड. तीन-चारशे अंशांवरचा तुकडा साध्या तुकड्यासारखाच दिसतो. म्हणून जमिनीवर पडलेली कोणतीही वस्तू उचलण्यापूर्वी हाताची मागची बाजू तिच्याजवळ नेऊन धग बघायची. कपडे सुती हवेत. नायलॉन, टेरिकॉट ठिणगीने वितळून अंगाला चिकटते. आम्ही तिघी पदर कमरेला खोचून, वरून जाड सुती अंगरखा घालून उभ्या राहत होतो. आणि जस्ताचा मुलामा दिलेले पाइप, पत्रे, तारा भट्टीत कधीही घालायच्या नाहीत. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला, तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. घरी कोणी प्रयोग करणार असेल, तर त्याने एवढे तरी ध्यानात ठेवावे.

तिसऱ्या दिवसापर्यंत आम्ही आकडे आणि खुंट्या केल्या. सळईचे टोक निमुळते करायचे, ते वळवायचे, मधे पीळ द्यायचा. टोक गोल हवे असले तरी आधी चौकोनी ओढायचे, मग आठ कोनी, मग गोल. सरळ गोल ठोकायला गेले तर आत फट पडते. हे ऐकून मला भाकरीची आठवण झाली. तिलाही आधी कडेने दाबून मगच थापावे लागते, नाहीतर कडा चिरतात.

मग छिन्नी. इथे लोखंडा-लोखंडातला फरक कळला. बांधकामाची सळई दिसायला दणकट, पण तिची छिन्नी केली तर पाणी पाजूनही मऊच राहते, कारण तिच्यात कर्ब कमी. साध्या लोखंडात कर्ब शेकडा पाव टक्क्यापर्यंत असतो. जीप-ट्रकच्या पाट्यात अर्धा टक्का किंवा थोडा वर, आणि जुन्या कानशीत टक्क्याच्या आसपास. एवढ्याशा फरकाने एक वस्तू वाकते आणि दुसरी धार धरते. बाजारातली स्वस्त खुरपी मुरमाड रानात आठ दिवसांत बोथट का होतात, ते विचारायला दुकानात जायला नको. म्हणून आपल्याकडचे लोहार पिढ्यान्‌पिढ्या गाड्यांचे मोडके पाटे भंगारातून वेचून आणतात. शिकाऱ्याने जीपचा पाटा घ्यावा. ट्रकचा जाड, एकट्याला आवरत नाही.

जाड पाट्याला दुसरा माणूस लागतो. लोहार डाव्या हाती सांडशीने लोखंड धरतो, उजव्या हातातल्या लहान हातोड्याने कुठे मारायचे ते दाखवतो आणि समोरचा तिथेच घण घालतो. बोलायचे काही नाही. लहान हातोडा ऐरणीच्या कडेला नुसता वाजला, की घणाने थांबायचे. वर्गातल्या पुरुषांना वाटले घण आपणच मारणार. मामांनी आम्हा तिघींना पुढे बोलावले. "घिसाड्यांची पालं बघितली का कधी? घण कोण मारतं?" उन्हाळ्यात रस्त्याकडेला घिसाडी उतरतात, तेव्हा बाप्या सांडशी धरून बसलेला असतो आणि बाई उभी राहून डोक्यावरून घण आणत असते, पाठीशी झोळीत मूल. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलेले होते. आठवण मात्र कोणाला झाली नव्हती. घण खांद्याच्या जोरावर मारायचा नसतो. तो उचलायचा आणि वरून सोडायचा. उखळात मुसळ घालणाऱ्या बाईला हे निराळे शिकवावे लागत नाही.

पाचव्या दिवशी खुरपे. पाट्याचा वीतभर तुकडा, त्याच्या एका टोकाची शेपटी ओढायची आणि दुसरे टोक रुंदावायचे. रुंद करताना हातोड्याच्या निमुळत्या तोंडाने मारायचे. लोखंड त्या तोंडाच्या आडव्या दिशेने पसरते, पोळपाटावर लाटण्यापुढे कणीक पसरते तसे. पाते झाले की परत लाल करून राखेत पुरून हळूहळू थंड होऊ द्यायचे. मार खाऊन लोखंडात जे ताण बसलेले असतात, ते अशाने निघून जातात. मग कानस. त्यानंतर मामांनी प्रत्येकाला विचारले, रान कोणते, पीक कोणते. कोरडवाहू मुरमाड रानाला पाते आखूड आणि जाड. काळ्या रानाला रुंद, पातळ. माझ्याकडे कांदा असतो. कांद्याच्या वाफ्यात चार बोटांवर रोप, तिथे रुंद पात्याचे काय काम? मला त्यांनी दोन बोटे रुंदीचे, टोकाला जरा गोलसर करायला लावले. आणि मुठीशी बाक किती द्यायचा ते उकिडवे बसून, मनगट सरळ राहते का ते बघून ठरवले. दिवसभर खुरपणाऱ्या बाईचे मनगट दुखते, ते पुष्कळदा कष्टाने दुखत नाही, चुकीच्या बाकाने दुखते. दवाखान्यात हे कोणी सांगत नाही, कारण तिथे खुरपे कोणी बरोबर नेत नाही.

सातव्या दिवशी मी विळ्याचे सांगितले. मामांनी जमिनीवर खडूने उजव्या हाताचा विळा काढला, मग त्याच्याकडे जरा वेळ बघून शेजारी त्याचे आरशातले रूप काढले. "लोखंडाला डावं-उजवं काय ठावं," म्हणाले. "ठोकणाऱ्यानं ध्यान ठेवायचं." ध्यान ठेवणे सोपे नाही. भट्टीतून काढताना पाते सांडशीत उलटे येते, ऐरणीवर ठेवताना पुन्हा उलटते, आणि क्षणात ठरवायचे असते की धार कोणत्या अंगाला उतरायची. मी पात्याच्या सपाट अंगाला छिन्नीने एक बारीक खूण केली. मग प्रश्न राहिला नाही. वाकवताना आतली कड आखडते आणि बाहेरची ताणते, त्यामुळे वाकण एका दमात न देता सहा-सात तावांत द्यावे लागले.

पाणी पाजणे शेवटी. त्यासाठी तारेला चुंबक बांधून भट्टीशेजारी टांगला होता. लोखंड सातशे सत्तर अंशांच्या पुढे गेले, की त्याला चुंबक चिकटत नाही. डोळा तयार नसलेल्यांना ही खूण फार उपयोगी. चुंबक सुटला की आणखी किंचित तापवून पाते बुडवायचे. नाव पाणी पाजणे असले तरी पाट्याच्या लोखंडाला मामा तेलच वापरतात, तेही कोमट. पाण्यात ते फार झटक्याने थंड होते. आमच्यातल्या एकाने हट्टाने पाण्यात बुडवले. 'टिक' असा बारीक आवाज आला. वरून पाहिले तर काही दिसेना. राख पुसल्यावर केसासारखी चीर धारेपासून पाठीपर्यंत गेलेली.

तेलातून निघालेले पाते काचेसारखे कडक आणि तितकेच ठिसूळ असते. ते दगडाने घासून उजळायचे आणि तापलेल्या जाड लोखंडी ठोकळ्यावर पाठीच्या बाजूने टेकवून ठेवायचे. मग उजळलेल्या अंगावर रंग चालत येतात. मी इतके सुंदर दुसरे काही फार पाहिलेले नाही. आधी लोणकढ्या तुपासारखा फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा, एकामागून एक पाठीकडून धारेकडे. वस्तऱ्याला पिवळ्यावर थांबायचे, विळ्याला तपकिरीवर, दगडाशी गाठ असलेल्या खुरप्याला जांभळ्यावर. माझ्या विळ्याच्या धारेवर तपकिरी रंग येऊन पोचला, तेव्हा मामांनी मला सांगितले नाही. नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी पाते उचलून तेलात घातले. ते दुसऱ्याच्या ऐरणीकडे निघून गेले.

मूठ बाभळीची. तिला आधी बारीक भोक पाडून घ्यायचे, शेपटी तापवून त्यात दाबायची, म्हणजे ती जाळत जाळत आपल्या मापाची जागा करून घेते. तोंडाशी लोखंडी कडे, नाहीतर मूठ उकलते.

शेवटच्या दिवशी जेवताना मामा जरा मोकळे बोलले. त्यांची दोन्ही मुले नोकरीला आहेत. नातवाला शाळेत कोणी लोहार म्हटलेले आवडत नाही. "आमच्या बापाला वर्सभर राबल्यावर खळ्यावर सूप पसरून उभं ऱ्हावं लागायचं. पायली-दोन पायली बलुतं घालायचं ते बी बोलून दाखवून. तवा कुणी म्हणलं न्हाई, आम्हाला शिकवा. आता तुमी पैसं भरून शिकाय आलायसा." ते हसत होते, पण ते सगळेच हसणे नव्हते. आमच्या घरूनही बलुते जात होते. आत्याबाईंचा हात सढळ होता, तरी लोहार ओसरीच्या खालीच उभा राहायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. लोहार गेला म्हणून हळहळणारे आम्ही, तो होता तेव्हा त्याला कुठे उभे करत होतो, हे ज्याने त्याने आपल्या घराचे आठवावे. मी मामांना विचारले, गावातल्या बायका धार काढायला येतील, त्यांच्याकडून काय घेऊ? "रोख घ्या," ते पटकन म्हणाले. "कमी घ्या, पर रोख घ्या. आन् उद्या देते म्हणंल तिला उद्याच धार काढून द्या."

त्याप्रमाणे चालले आहे. गोठ्याच्या मागे, जुन्या पत्र्याच्या आडोशाला, गवताच्या गंजीपासून लांब भट्टी घातली. ऐरण म्हणून भंगारवाल्याकडून आणलेला पोलादाचा ठोकळा बाभळीच्या ओंडक्यात बसवला आहे. पंखा हाताचा. आमचा बाजार शुक्रवारी, म्हणून गुरुवारी दुपारी कोळसा पेटवते. खुरपणीच्या टोळीतल्या बायका खुरपी टाकून जातात. मुठीला ज्याच्या त्याच्या चिंधीचा रंग, त्यामुळे अदलाबदल होत नाही. धार काढण्याचे रोख पैसे घेते. नवे खुरपे करायचे असेल तर आधी काटकी हातात देऊन खाली बसवते. अजून दोघी डावऱ्या निघाल्या, एक तर शेजारच्या वाडीची, साठीच्या घरातली. तिने आयुष्यभर उजव्या हाताच्या विळ्याने कापले.

अडचण आहे ती घणाची. जाड पाटा एकटीने होत नाही. घरच्यांना विनवले. ते आता दर गुरुवारी घण घेऊन उभे राहतात. मी डावरी असल्याने आम्ही दोघे ऐरणीच्या एकाच अंगाला यायला लागलो, घणाचा दांडा माझ्या कोपराला लागायचा. शेवटी ऐरण हातभर पुढे सरकवून घेतली. घिसाड्यांच्या पालात बाप्या सांडशी धरतो आणि बाई घण मारते, आमच्याकडे उलटे, म्हणून येणारे-जाणारे थांबून बघतात. मी हातोडा ऐरणीच्या कडेला वाजवला की थांबायचे, हे त्यांना कळते. फक्त अजून एक घाव जास्तीचा पडतो.